कुस्ती, रिंगण, अक्षता : फिल्म घ्यायचा का डिजिटल?

सोलापुरातल्या पोरांना सध्या फिल्म कॅमेऱ्याचं लै वेड लागलंय आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, पण सगळ्यांचा प्रश्न एकच असतोय, की दादा, घरात आजोबांचा जुना कॅमेरा सापडलाय, त्याच्यावर कुस्त्या काढू का, का सेकंडहँड डीएसएलआर घेऊ. कुणाला कबड्डी काढायचीय, कुणाला वारीतलं रिंगण, कुणाला पार्क स्टेडियमवरचं क्रिकेट. प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करून सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. पळत्या, उडत्या, आपटत्या गोष्टींचे फोटो काढायचे असतील आणि एकच कॅमेरा परवडणार असेल तर डिजिटल घ्या. पण त्याचं जे कारण लोक सांगतात ते मला पटत नाही. लोक म्हणतात स्पीड, म्हणजे सेकंदाला किती फोटो. माझ्या मते खरं कारण उजेड आहे. आपल्याकडं ज्या वेळेला खरी ॲक्शन होते त्या वेळेला उजेड किती असतो, यावर सगळं ठरतंय.

स्पीडचं आधी बघू. फिल्म म्हणजे स्लो असं ज्यांना वाटतं त्यांनी निकॉन एफ५ हातात घेऊन बघावा. १९९६चा कॅमेरा, सेकंदाला ८ फ्रेम, आवाज ऐकला तर अंगावर काटा येतो. कॅननचा ईओएस-१व्ही २००० साली आला, तो बूस्टर लावल्यावर सेकंदाला १० फ्रेम मारायचा. आज बाजारात नवा मिळणारा साधा कॅनन १५००डी सेकंदाला ३ मारतो! म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीचा फिल्म कॅमेरा आजच्या स्वस्त डिजिटलपेक्षा तिपटीनं फास्ट होता. अडचण अशी की रोलमध्ये ३६च फोटो असतात, सेकंदाला १० नं मारले तर ३.६ सेकंदात रोल खल्लास, आणि मग रोल गुंडाळा, मागचं झाकण उघडा, नवा भरा, तोपर्यंत पैलवान चितपट होऊन गुलाल उधळून झालेला असतो. त्या काळचे स्पोर्ट्स फोटोग्राफर गळ्यात दोन-दोन, तीन-तीन बॉडी अडकवून फिरायचे त्याचं एक कारण हेच. तेव्हा स्पीड फिल्मलाही होता, साठा नव्हता, आणि साठ्यावर पैसे असले की तोडगा निघत होता. उजेडावर मात्र पैसे टाकूनही तोडगा निघत नव्हता.

आता आपल्या कुस्तीच्या मैदानाचा विचार करा. गावची जत्रा, उरूस, कुठलाही फड घ्या. दुपारी पोराटोरांच्या कुस्त्या लागतात, नारळावर, पन्नास-शंभर रुपयांवर. ऊन कडक, माती लाल, हलगी वाजायली असते. जसजसा दिवस कलतो तसतशा इनामाच्या कुस्त्या मोठ्या होत जातात, आणि एक नंबरची कुस्ती, जिच्यासाठी लोक दोन-दोन तालुके ओलांडून आलेले असतात, ती लागते सगळ्यात शेवटी. तेव्हा सूर्य गेलेला असतो आणि चार बांबूंवर चार हॅलोजन, हल्ली एलईडी, एवढ्यावर सगळा कारभार. बघणाऱ्याला भरपूर उजेड वाटतो कारण आपला डोळा जुळवून घेतो. उजेड मोजायचं मीटर धरलं की कळतं. २.८ ॲपर्चरचं चांगलं लेन्स (ॲपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड, आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) पूर्ण उघडं ठेवून आयएसओ १०० ला (आयएसओ म्हणजे फिल्म किंवा सेन्सर उजेडाला किती लवकर दाद देतो तो आकडा) शटर येतं सेकंदाच्या १/३० च्या आसपास. आणि धोबीपछाड थांबवून दाखवायचा तर निदान १/५०० पाहिजे, मातीचे कण हवेत सुटे सुटे दिसायला पाहिजेत तर १/१०००. म्हणजे आयएसओ १६०० पासून ३२०० पर्यंत जाणं आलंच. आणि हातातलं लेन्स किटबरोबर आलेलं ५.६ वालं असेल तर अजून दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), सरळ ६४०० च्या वर.

रंगीत फिल्म दुकानात मिळते ती २०० किंवा ४००. आठशेची एखादी मिळते, महाग. ब्लॅक अँड व्हाईटमध्ये ट्राय-एक्स ४०० सोळाशेला पुश करता येते, म्हणजे सोळाशे समजून शूट करायची आणि डेव्हलप करताना जास्त वेळ धुवायची. चालतं, मी करतो, आवडतं पण मला. पण सावल्या भरून येत नाहीत, पैलवानाच्या छातीखालचा सगळा भाग काळाकुट्ट होतो, आणि कुस्तीत पकड नेमकी तिथंच असते. कुठला हात कुठल्या काखेतनं गेलाय ते दिसलं नाही तर तो कुस्तीचा फोटो कसला?

आमच्याकडं एक जुने स्टुडिओवाले आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, ऐंशी-नव्वदच्या दशकात त्यांनी भरपूर मैदानं केली. त्यांना एकदा विचारलं, "अण्णा, शेवटच्या कुस्तीला लाईट पुरायचा का ओ?" तर म्हणाले, "पुरतोय कुठला बे. आम्ही दुपारच्या कुस्त्या काढायचो. मोठी कुस्ती झाली की पैलवानाला उभं करायचं, खांद्यावर गदा, फ्लॅश मारायचा, झालं. पेपरला तेवढंच लागायचं."

हे ऐकल्यापासून मी कुठल्याही तालमीत गेलो की आधी भिंती बघतो. तुम्हीपण बघा. हनुमानाच्या तसबिरीच्या आजूबाजूला ओळीनं फ्रेमा असतात, वस्ताद, जुने पैलवान, सगळे उभे, छाती काढून, हात मांडीवर नाहीतर गदेवर. एकसुद्धा डाव दिसत नाही. ढाक नाही, कलाजंग नाही, पट काढलेला नाही. ज्या माणसाच्या घिश्श्याबद्दल म्हातारे लोक अजून हात हलवून हलवून सांगतेत, त्या माणसाचा घिस्सा मारतानाचा एक फोटो नाही. फोटोग्राफर कमी पडले म्हणून हे झालं असं मला वाटत नाही, अण्णांचा हात आजच्या कितीतरी जणांपेक्षा पक्का आहे. त्या उजेडात फिल्मवर तो फोटो येतच नव्हता. आपल्या कुस्तीचा अख्खा सचित्र इतिहास उभा राहून काढलेला आहे आणि त्याचं मोठं कारण आयएसओ आहे, हे मला फार लागतं.

डिजिटलला तरी हे लगेच कुठं जमलं. निकॉन डी१ आला १९९९ ला, २.७ मेगापिक्सेल, अंधारात त्याचा फोटो बघवत नव्हता. माझ्या मते पारडं फिरलं २००७ मध्ये, निकॉन डी३ नं. आयएसओ ६४०० पर्यंत नेला तरी फोटो छापण्यासारखा, आणि सेकंदाला ९ फ्रेम. आज तीस-पस्तीस हजारांत जुन्या बाजारात मिळणाऱ्या बॉडीसुद्धा ३२०० ला कुस्ती काढतात, थोडा दाणा दिसतो, दिसू दे. दाण्यानं कुणाचा फोटो वाईट होत नाही, हललेल्या फोटोनं होतो.

आणि दुसरी गोष्ट, ही तर मला आयएसओच्या आकड्यापेक्षा मोठी वाटते. फिल्ममध्ये रोल भरला की ३६ फोटो एकाच आयएसओला बांधले गेले. दुपारी चारला दोनशेचा रोल भरला, साडेसहाला ढग आले, आता काय करणार? डिजिटलमध्ये आयएसओ फोटोगणिक बदलतो, ऑटो आयएसओ लावून शटर ८०० वर, म्हणजे १/८०० ला, ठेवून दिलं की कॅमेरा मागं मागं उजेडाच्या हिशेबानं चालतो आणि तुमचं सगळं लक्ष पैलवानाच्या पायावर राहतं. पायावर म्हणतोय कारण डाव पायातून कळतो, हातांची खडाखडी चालू असते पण पवित्रा बदलला, मागचा पाय आत आला की पुढच्या क्षणाला काहीतरी होणार.

जागेचं महत्त्व दोन्हीकडं सारखंच बरं का. मुहम्मद अलीचा तो जगप्रसिद्ध फोटो, समोरचा बॉक्सर लिस्टन खाली पडलाय आणि अली वरून ओरडतोय, तो नील लायफरनं २५ मे १९६५ ला काढला. रंगीत एक्टाक्रोम फिल्म, रोलायफ्लेक्स कॅमेरा ज्यात एका रोलला १२ फोटो, आणि रिंगच्या वर टांगलेले मोठे फ्लॅश जे एकदा पेटले की परत भरायला वेळ घेतात. म्हणजे त्या क्षणाला त्याच्याकडं बर्स्ट, म्हणजे धडाधड सलग फोटो, वगैरे काही नव्हतं, एक क्लिक. आणि अलीच्या दोन पायांच्या मधून पलीकडं दुसरा फोटोग्राफर दिसतोय, अनुभवी माणूस, पण त्याला अलीची पाठ मिळाली. कुस्तीत हेच रोज होतं. डावात वरच्या पैलवानाचं तोंड कुठल्या बाजूला येणार हे कुणाच्या हातात नसतं. त्यामुळं आखाड्याच्या एकाच कोपऱ्याला चिकटून बसू नका, पंच फिरतो तसं कडेकडेनं फिरा, मात्र लोकांच्या पुढं उभं राहू नका, मागनं शिव्या बसतात आणि त्या रास्त असतात. आणि पैलवानाच्या डोळ्यावर फ्लॅश तर अजिबात नको. लायफरच्या वेळचे फ्लॅश रिंगच्या छतापाशी होते, तुमचा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ डोळ्यात जातो, आणि तेवढ्या एका क्षणाच्या आंधळेपणात एखाद्याची मान मोडू शकते.

आता रिंगण. आषाढात दोन्ही पालख्या आपल्या जिल्ह्यातून जातात, अकलूजला तुकोबांचं गोल रिंगण, माउलींचं पुरंदवड्याला, खुडूस फाट्याला, आणि शेवटी वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीपाशी. माझ्या दृष्टीनं ॲक्शन फोटोग्राफीत याच्यापेक्षा मोठं काही नाही. लाखो माणसं गोलात दाटीवाटीनं उभी, मधी पताकाधारी, तुळशीवाल्या बाया, टाळकरी पळून गेलेले, आणि मग पुढं स्वाराचा अश्व आणि मागनं माउलींचा अश्व सुटतो. घोडा तुमच्या समोरून जायला दोन-तीन सेकंद लागतात, बस. तो गेला की लोक त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला धावतात आणि तुम्ही त्या लाटेत जाता.

घोडा पळताना चारही पाय हवेत असतात का हा वाद एकेकाळी लोक पैजा लावून घालत होते. १८७८ मध्ये मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरनं अमेरिकेत पालो अल्टोला पळण्याच्या मार्गाच्या कडेनं ओळीत १२ कॅमेरे लावले, घोडा गेला की एकेकाचं शटर सुटेल अशी व्यवस्था केली, आणि दाखवून दिलं की असतात. गंमत म्हणजे चित्रकार दाखवायचे तसे पाय पुढं-मागं ताणलेले असताना हे होत नाही, पाय पोटाखाली गोळा झालेले असताना होतं. रिंगणात मी तोच क्षण शोधतो, पाय पोटाखाली, अंगाचा गोळा, आणि खाली जमीन सुटलेली. बाकीच्या क्षणांत घोडा पळतोय असं दिसतं, त्या एका क्षणात उडतोय असं दिसतं. तो क्षण डोळ्यानं बघून बटण दाबलं तर निघून गेलेला असतो, त्यामुळं एकतर टापांच्या ठेक्यावर दाबायला शिकायचं नाहीतर बर्स्ट मारायचा. मी दोन्ही करतो, ठेक्यावर सुरू करतो आणि पाच-सहा फ्रेम जाऊ देतो.

उजेडाचं म्हणाल तर रिंगणाच्या दिवशी बहुतेक आभाळ असतं. चांगलं दाट आभाळ धरलं तर ४०० च्या फिल्मला ॲपर्चर ४ वर शटर हजार मिळतं, ५.६ वर पाचशे. म्हणजे फिल्मवर जमतं, काठावर जमतं. पण एक काळा ढग आला की गेलं. आणि खरी परीक्षा धुळीची, पाऊस नसेल तर. रिंगणात मागचं झाकण उघडून रोल बदलायला गेलात तर धुळीचा एक कण आत जाऊन फिल्म सपाट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटवर बसतो आणि पुढच्या सगळ्या फ्रेमवर आडवी रेघ ओढत जातो, बारीक, सरळ, आकाशावर तर उठून दिसणारी, आणि ती तुम्हाला लॅबमधून आल्यावरच कळते. डिजिटलवाल्यांनीही तिथं लेन्स बदलू नये, सेन्सरवर तोच कण बसतो, फक्त तिथं काळा ठिपका येतो आणि तो साफ करता येतो. सत्तर-दोनशे किंवा पंचावन्न-अडीचशे, जे काय असेल ते लावून जा आणि तेच ठेवा. अश्वावर फ्लॅश मारायचा नाही हे सांगायची गरज नसावी.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल हा फिल्मच्या विरोधात आहे. मग आता गड्ड्याकडं, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेकडं, चला.

या यात्रेत अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या योगदंडाच्या लग्नाला, संमती कट्ट्यावर काय गर्दी असते ते सोलापूरकरांना सांगायला नको. सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच सजवलेल्या काठ्या, येऊन उभे, भरदुपार, जानेवारीतलं स्वच्छ कोरडं ऊन, आणि जिकडं बघाल तिकडं पांढरी बाराबंदी, म्हणजे बंद बांधायचा पारंपरिक अंगरखा. संमती वाचन सुरू होतं, "सत्यम सत्यम", "दिड्डम दिड्डम", आणि त्या शब्दाला लाखो हातांतनं अक्षता वर जातात. शटर १२५ वर असेल तर अक्षतांच्या रेघा येतात, हजारावर ठेवलं तर एकेक दाणा सुटा, आणि खालून वर बघत काढलं तर निळ्या आभाळावर दाणे आणि त्यात घुसलेले नंदीध्वज.

इथं फिल्म डिजिटलला हरवते, माझं ठाम मत आहे. कारण उजेडाला इथं कमी नाही. जुना नियम आहे, कडक उन्हात ॲपर्चर १६ आणि शटर म्हणजे फिल्मचा आयएसओ. दोनशेची साधी कोडॅक गोल्ड भरली तर १६ ला १/२००, त्याच हिशेबानं ५.६ ला १/१६००. म्हणजे स्वस्तातल्या रंगीत रोलवरही अक्षता हवेत थांबतात. निकॉन एफएम२ सारखा १९८२ चा, बिनासेलचा चालणारा कॅमेरासुद्धा १/४००० पर्यंत जातो, शटर कमी पडायचा प्रश्नच नाही. आणि दुसरं, बाराबंदी. पांढरं कापड, वरनं ऊन. डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळालं की तिथं काहीच उरत नाही, कापडाच्या चुण्या, शिवण, बंद, सगळं जाऊन कागदासारखा कोरा पट्टा राहतो, मग फोटोशॉपमध्ये कितीही ओढा. निगेटिव्ह फिल्म याच्या उलटी, तिला उजेड कमी पडला तर ती रुसते, जास्त झाला तर दोन-तीन स्टॉपपर्यंत निमूट सोसते. पांढऱ्यातलं पांढरं हळूहळू मावळत जातं, तुटत नाही. मी दोनशेचा रोल शंभर समजून काढतो आणि बाराबंदीच्या चुण्या, घामानं पाठीला चिकटलेलं कापड, नंदीध्वज पेलणाऱ्याच्या कमरेला ताणलेला पट्टा, सगळं निगेटिव्हवर येतं. डिजिटलवर हेच करायचं तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली घेऊन रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा आणि सावल्या नंतर उचला, बऱ्यापैकी जमतं, पण तो पांढरा वेगळा तो वेगळाच.

शिवाय इथं क्षण कधी येणार ते माहिती असतं. "दिड्डम" कानावर पडायच्या आधी बोट तयार ठेवता येतं. कुस्तीत डाव कधी पडेल ते पैलवानालाही माहिती नसतं. जिथं क्षण सांगून येतो आणि वर ऊन आहे, तिथं ३६ फोटो पुष्कळ झाले. संध्याकाळी मात्र, होम प्रदीपनाला, शोभेच्या दारूकामाला, होम मैदानावरच्या पाळण्यांना, पिशवीतून डिजिटल काढा.

पाळण्यांवरून आठवलं. मिररलेसवाल्यांनो, सायलेंट शटर म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर ॲक्शनला लावताना जपून. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, तेवढ्या वेळात फिरता पाळणा किंवा क्रिकेटची बॅट पुढं सरकलेली असते आणि फोटोत वाकडी येते. सोनी ए९-३ मध्ये २०२३ पासून सगळा सेन्सर एकदम वाचणारं ग्लोबल शटर आलंय, सेकंदाला १२० फ्रेम, पण त्याच्या किमतीत आपल्याकडं चांगली सेकंडहँड गाडी येते, त्यामुळं तो विषय सोडा. तुम्ही मेकॅनिकल शटर लावा. तसंच हॉलमधली कबड्डी, बॅडमिंटन. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, आणि शटर हजारावर असलं की एक फोटो पिवळा, दुसरा अंधारा, तिसऱ्यात अर्ध्या फ्रेमवर पट्टा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. कॅनन ७डी मार्क टू, निकॉन डी५०० यांच्यात आहे. फिल्मवरही हे होतंच, फक्त रोल धुऊन आल्यावर कळतं.

खर्चाचं एकदा बोलतो. रंगीत ३६ चा रोल आज हजाराच्या आसपास बसतो. मी रोल पुण्याला पाठवतो, डेव्हलप, स्कॅन, कुरिअर धरून अजून पाचेकशे. म्हणजे एका क्लिकला चाळीस रुपये. शिकणाऱ्या पोरानं एका मैदानात निदान चार-पाचशे फोटो काढावेत असं माझं मत आहे, गुणाकार तुम्हीच करा. ब्लॅक अँड व्हाईट घरी धुता येतं आणि ते शिकाच, पण त्याचं केमिकल २० डिग्रीला लागतं आणि मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी अंघोळीला घेववत नाही. अण्णा बर्फाच्या कारखान्यातनं लादीचा तुकडा आणून ट्रेमध्ये ठेवायचे. मी फ्रीजमधल्या बाटल्या वापरतो. रोलसुद्धा उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, रंग बिघडतात, फ्रीजमध्ये ठेवा आणि भरायच्या आधी तासभर बाहेर काढा.

आणि नवा फिल्म कॅमेरा घेऊ म्हणाल तर ॲक्शनसाठी तसा कॅमेरा आता कुणी बनवत नाही. ईओएस-१व्हीची विक्री २०१८ ला बंद झाली, निकॉन एफ६ २०२० ला. २०२४ ला पेंटॅक्स १७ आला, छान आहे, पण अंतर अंदाजानं लावायचा कॅमेरा आहे, कुस्तीसाठी नाही. म्हणजे जे काय घ्याल ते जुनंच, दुरुस्तीचे पार्ट नसलेलं. आजोबांचा मॅन्युअल कॅमेरा असेल तर मात्र सोन्यासारखा सांभाळा, उजेड आत येऊ न देणारे सील बदलून घ्या, आणि गड्ड्याला वापरा.

मग सेकंडहँड डिजिटल घेताना काय बघायचं. सगळ्यात आधी पैसे लेन्सवर घाला, बॉडीवर नंतर. ८५ एमएम १.८ हे कुस्तीसाठी स्वस्तातलं सगळ्यात उपयोगी लेन्स आहे, आखाड्याच्या कडेवरून दोन्ही पैलवान फ्रेममध्ये बसतात आणि २.८ च्या लेन्सपेक्षा सव्वा स्टॉप उजेड जास्त. तेही जड वाटत असेल तर ५० एमएम १.८ घ्या आणि जवळ बसा. बॉडीमध्ये ७डी मार्क टू किंवा डी५०० मिळाला तर डोळे झाकून, दोन्ही सेकंदाला १० मारतात आणि दोन्हींचं शटर २ लाख क्लिकसाठी बनवलेलं आहे. घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झालेत ते, विचारा, विकणारा टाळाटाळ करायला लागला तर उठून या. बर्स्ट मारून बघा, किती फोटोंनंतर कॅमेरा अडतोय. डी७१०० चांगला कॅमेरा पण रॉमध्ये अर्धा डझन फोटोंतच अडायला लागतो, कुस्तीला जेपेग लावावं लागतं. आणि कार्ड फास्ट घ्या, दोनशे रुपये वाचवायला जाऊन डाव घालवू नका.

सेटिंग : शटर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल, शटर ८०० च्या खाली नाही, ऑटो आयएसओ, कमाल ६४००. फोकस कंटिन्युअस, म्हणजे कॅननमध्ये एआय सर्व्हो, निकॉनमध्ये एएफ-सी, पॉइंट मधला एक आणि आजूबाजूचे. मीटरिंग मॅट्रिक्स किंवा इव्हॅल्युएटिव्ह, हॅलोजन फ्रेममध्ये येत असेल तर स्पॉट.

आणि मैदानावरून आल्यावर सगळे फोटो व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होऊ नका. एक निवडा, ज्यात पकड दिसतेय, दोघांची तोंडं दिसतायत. बारा बाय अठराची प्रिंट काढा, फ्रेम करा आणि त्या पैलवानाच्या तालमीत वस्तादांच्या हातात नेऊन द्या. खाली बारीक अक्षरात डावाचं नाव, दोघांची नावं, गाव आणि तारीख लिहा, हरलेल्याचं नावसुद्धा. भिंतीवर जागा नाही म्हणाले तर मला सांगा, खिळा मी ठोकून देतो.